पूर्ण नाव सांगा

लग्न होऊन खुटबावला आले तेव्हापासून मी नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलेलं नव्हतं, आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं. हाक मारायची असली की "अहो", दुसऱ्याला सांगायचं असलं की "आमचे मालक", आणि अगदीच नाइलाज झाला की मुलीचं नाव घेऊन "तिचे पप्पा". एवढ्यात सगळा संसार भागतो. दौंडच्या कॉलेजात नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश घ्यायला गेले तेव्हा खिडकीतल्या क्लार्कनं "पूर्ण नाव सांगा" म्हटलं, आणि मी मुकाट्यानं आधार कार्ड पुढं सरकवलं. त्यानं वर न बघताच उतरवून घेतलं. त्यालाही सवय असावी.

कॉलेजच्या दारावर कम्युनिटी कॉलेज अशी पाटी होती. खालच्या मजल्यावर शिवणकाम आणि टॅली, वरच्या मजल्यावर आम्ही. वर्गात बहुतेक बारावी होऊन घरी बसलेल्या मुली. लग्न झालेली, लेकरू शाळेत सोडून आलेली अशी मी एकटीच. मुली मला ताई म्हणायच्या आणि इंजेक्शनचा सराव करायला आणलेली मोसंबी शेवटी मलाच सोलायला लावायच्या.

घरून परवानगी मिळाली होती, पण ती सासऱ्यांच्या पद्धतीनं. जेवण झाल्यावर हात धुऊन ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "शिक. माझी ना न्हाई. पर परीक्षा एकदाच. पास झालीस तर नोकरी कर, मी सोता सोडाया येतो. नापास झालीस तर परत ह्यो इषय घरात काढायचा न्हाई."

सासूबाई आतून म्हणाल्या, "आन् रानातलं कोन बघायचं तवर?"

"बघू की आपुन," सासरे म्हणाले, आणि उठून गेले. माझे सासरे एकवचनी आहेत. हा मोठा गुण आहे असं गावात सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांना त्यांच्या घरात राहायचं नसतं. मला माहीत होतं की 'एकदाच' म्हणजे एकदाच. पोटात दुखलं, बस चुकली, पेपर अवघड निघाला, यातलं काहीही त्यांच्या दारात चालणार नव्हतं. म्हणून दोन वर्षं मी दौंडच्या शटल रेल्वेत बसून पाठांतर केलं. पाटस आलं की पुस्तक मिटायचं, पिशवी आवरायची आणि मनात उजळणी करत दौंडला उतरायचं.

आम्हाला शिकवायला ज्या मॅडम होत्या त्या सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. आवाज असा की जिन्यातून ऐकू यायचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर एकाखाली एक पाच ओळी लिहिल्या: योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ, योग्य मार्ग. मग खडूनं पहिल्या ओळीभोवती गोल केला.

"हे चुकलं की बाकीचे चार बरोबर असून माणूस मरतो," त्या म्हणाल्या. "पेशंटला पूर्ण नाव विचारायचं. आपण नाव सांगायचं आणि 'तुम्हीच ना?' म्हणायचं, हे चालणार नाही. नाव त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं."

मी हात वर केला. माझ्या माहेरी मेंढरं होती, आणि वडील कळपातलं एकेक मेंढरू तोंडावरून ओळखायचे. मी म्हणाले, "मॅडम, चार दिवस वॉर्डात राहिलेलं माणूस तोंडावरून ओळखू येतंच की."

"तुझ्या वडलांनी कधी कुठल्या मेंढराला दुसऱ्याचं सलाईन लावलंय का?" मॅडम म्हणाल्या. वर्ग हसला. मला राग आला, मला तो पटकन येतो.

मग त्यांनी एक हकिगत सांगितली. फार वर्षांपूर्वी त्यांच्या वॉर्डात एकाच गावच्या, एकाच भावकीतल्या दोन बायका होत्या. नाव तेच, आडनाव तेच. फरक होता तो फक्त मधल्या नावाचा, म्हणजे नवऱ्याच्या नावाचा, आणि ते तर दोघीही घेणार नव्हत्या. एकीचं गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं, दुसरी तापानं आलेली. सकाळी वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन आला, नाव पुकारलं आणि दाराजवळच्या खाटेवरच्या बाईला विचारलं, "तुम्हीच ना?" ती व्हय म्हणाली. मंगळसूत्र आणि कानातलं काढून तिनं सासूच्या हातात दिलं आणि आपली आपण ट्रॉलीवर चढून झोपली. ही तापाची बाई. थिएटरच्या दारात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सवयीनं विचारलं, सकाळपासून काही खाल्लं का? ती म्हणाली, "च्या-बटर." ऑपरेशनच्या पेशंटला पाणीसुद्धा देत नाहीत, म्हणून सगळे दचकले आणि चूक सापडली.

"तुम्ही बोलला का नाहीत, असं मी तिला विचारलं," मॅडम म्हणाल्या. "तर म्हणते, मला वाटलं तापासाठीच नेत्यात. तुमी मोटी मानसं इचारताय, न्हाई कसं म्हनायचं?"

आम्ही पुन्हा हसलो, पण मला ती बाई अनोळखी वाटली नाही. आमच्याकडं डॉक्टर, सिस्टर, तलाठी, मास्तर यांनी काहीही विचारलं तरी मान हलते ती उभीच. नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. आणि नवऱ्याचं नाव घेणं त्याहून उद्धटपणाचं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं मी लहानपणी ऐकलेलं. आता कुणी तसं उघड बोलत नाही, आम्हीही शिकलेल्या आहोत, पण जीभ जिथं अडायची तिथं अडतेच. दवाखान्यात नाव नोंदवताना बायका आधार कार्ड पुढं करतात. वॉर्डात खाटेवर आल्यावर ते कार्ड मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात जातं, आणि बाई तिथं अर्ध्या नावाची उरते.

दुसऱ्या वर्षी मला दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डात सरावाचं काम लागलं तेव्हा याचा पुरता प्रत्यय आला. पहिल्याच दिवशी केडगावकडची एक बाई, माझ्याच वयाची, पूर्ण नाव सांगेना. पदर तोंडाला लावून हसायची, शेजारणीकडं बघायची. शेजारीण उत्साहानं सांगायला निघाली तर मी तिला थांबवलं. तीनदा विचारलं. शेवटी माझं डोकं फिरलं.

"नाव नाही सांगितलं तर गोळी मिळायची नाही," मी म्हणाले.

"मग नगा देऊ," ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.

आता काय करणार? औषधाचा ट्रे हातात घेऊन मी तशीच उभी. मला माझाच राग आला होता, कारण तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. तेवढ्यात सुचलं. मी खाटेच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "बरं, विचारत नाही. उखाण्यात तर घ्याल?"

ती लगेच उठून बसली. पदर सारखा केला, घसा खाकरला, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली:

"उशाला सलाईन, पायथ्याला डबे,
अमुकराव माझ्यासाठी दारात उभे."

अमुकरावांच्या जागी अर्थात खरं नाव होतं. वॉर्डात एकच हशा पिकला. दारात खरोखरच डबा घेऊन उभे असलेले गृहस्थ लाजून व्हरांड्यात निघून गेले. पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, माझा बी ऐका. आवाज ऐकून मॅडम आल्या.

"काय गं, वॉर्डात हळदीकुंकू मांडलंय का?"

"मॅडम, पूर्ण नाव मिळालं. त्यांच्याच तोंडून," मी म्हणाले.

मॅडमनी केसपेपर बघितला, बाईकडं बघितलं. "बरं. पण आवाज कमी," एवढंच म्हणाल्या. पुढं आमच्या बॅचच्या मुलींनी ही युक्ती उचलली, आणि त्या वॉर्डात आम्ही असे उखाणे ऐकले की लग्नाच्या पंगतीत ऐकायला मिळायचे नाहीत. रक्तदाबावर होते, इंजेक्शनवर होते, एक तर एनिम्यावरही होता, तो मी सांगणार नाही.

ज्यांचे नवरे हयात नव्हते त्यांच्यापाशी मात्र मी हा विषय काढत नसे. उखाणा सवाष्णीनं घ्यायचा असतो, हे कुणी शिकवावं लागत नाही. अशा बाईजवळ मुलगा, सून कुणीतरी असायचं. बाईनं स्वतःचं नाव आणि आडनाव सांगायचं, मधलं नाव त्यांनी सांगायचं, आणि मॅडम ते चालवून घ्यायच्या. "परीक्षेत मात्र नातेवाईक बाहेर असतात बरं का," त्या अधूनमधून बजावायच्या. "आणि परीक्षक मुद्दाम सारख्या नावांच्या खाटा शोधतात. तिथं ओळख चुकवली की सरळ नापास. पुढचं काही बघत नाहीत."

आमचं प्रात्यक्षिकाचं केंद्र शिरूरच्या एका दवाखान्यात आलं. तिथलं कुणी ओळखीचं नाही, वॉर्ड कधी पाहिलेला नाही. त्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी मला मोटारसायकलवर चौफुल्याला सोडलं. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, दोन-दोन ट्रेलर जोडलेले. प्रत्येकाच्या मागं थांबताना मी घड्याळ बघत होते. बस आली तेव्हा ते म्हणाले, "नीट कर." त्यांच्या तोंडून हा आशीर्वादच म्हणायचा. न्हावऱ्यावरून शिरूरला जाईपर्यंत मी एकही ओळ वाचली नाही. दोन वर्षांचं जे काही व्हायचं ते आज एका खाटेपाशी होणार, एवढंच डोक्यात घोळत होतं. आणि नाही झालं तर उद्यापासून परत रानात, आणि शिकल्याचा विषय कायमचा बंद.

परीक्षक बाई बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. वॉर्डातले नातेवाईक बाहेर काढलेले. मला खिडकीजवळची खाट मिळाली. पेशंटला रक्तदाबाची गोळी द्यायची होती. खाटेवर एक म्हातारी, वढूकडच्या गावची. कपाळावर कुंकू नव्हतं, हिरवं गोंदण तेवढं होतं. मनगटावर नाव लिहिलेली पट्टी होती, पण अंघोळीत शाई धुऊन गेलेली. खाटेपाशी जाताना मी सवयीनं आजूबाजूच्या फायलींवर नजर टाकली होती. दोन खाटा सोडून दुसरी एक बाई होती. नाव तेच. आडनाव तेच.

"आजी, गोळी द्यायचीय. तुमचं पूर्ण नाव सांगा बरं."

आजीनं स्वतःचं नाव सांगितलं. मग आडनाव सांगितलं. मधली जागा तशीच सोडली.

"आणि मधलं?"

"कागदावर हाय की, बाळा."

"कागदावरचं मला दिसतंय, आजी. मला तुमच्या तोंडून पाहिजे."

तिनं दाराकडं बघितलं. "ल्योक भाईर हाय. त्याला बोलव. त्यो सांगंल."

"आत्ता त्यांना आत येऊ देत नाहीत."

ती हातांची बोटं एकमेकांत गुंतवून बसली. परीक्षक बाई पायथ्याशी उभ्या होत्या, पेन उघडं धरून. मी पुन्हा विचारलं, गोड बोलून विचारलं. आजीनं नुसती मान आडवी हलवली. रागानं नाही, अवघडून.

सोपा मार्ग समोर होता. कागदावरचं नाव हलक्या आवाजात म्हणायचं, आजी व्हय म्हणणार, झालं. म्हातारी हीच असणार याची मला जवळजवळ खात्री होती. जवळजवळ. पण व्हय तर तिनं कुठल्याही नावाला म्हटलं असतं. आणि उखाणा? तो शब्द माझ्या ओठांपर्यंत आला आणि मी तो गिळला. या बाईला मी काय म्हणून सांगणार होते, नाव घ्या म्हणून?

खरं सांगते, त्या क्षणी मला आजीचा भयंकर राग आला. सासऱ्यांचा आला, त्यांच्या त्या 'एकदाच'चा आला. ज्या कुणी पहिल्यांदा ठरवलं असेल की बाईनं हे नाव घ्यायचं नाही, त्याचा आला. आणि आपणही घरी तेच करतो, त्याचा सगळ्यात जास्त आला. मग राग उतरला आणि नुसतं रडू यायला लागलं. मी ट्रे कपाटावर ठेवला.

"मॅडम," मी परीक्षक बाईंना म्हणाले, "पेशंटची ओळख पटलेली नाही. मी गोळी देत नाही."

"मग काय कराल?"

"नातेवाईक आत आले की त्यांना विचारीन. तोपर्यंत नाही."

"तोपर्यंत तुमची वेळ संपेल."

"माहितीये," मी म्हणाले.

आजीनं आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघितलं.

"म्हंजी ही पोरगी नापास का?" तिनं विचारलं.

"ते नंतर ठरतं, आजी," परीक्षक बाई म्हणाल्या.

"माज्यापायी?"

आजी हातांवर जोर देऊन उठून बसली. मी आधार द्यायला पुढं झाले तर तिनं मला नको म्हणून खूण केली. डोक्यावरचा पदर पुढं ओढला. आमच्याकडं न बघता खिडकीकडं बघितलं. थंड पाण्यात पाय घालताना माणूस थांबतं तशी थोडी थांबली. आणि मग तिनं पूर्ण नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. राव नाही, अहो नाही, कुठलं यमक नाही. नुसतं नाव, स्पष्ट.

मी नाव कागदाशी जुळवलं, गोळी पुन्हा वाचली, तिच्या तळहातावर दिली. पाण्याचा पेला धरला आणि ती गिळेपर्यंत उभी राहिले. फाईलवर वेळ घातली, सही केली. परीक्षक बाईंनी काहीतरी लिहिलं आणि त्या पुढच्या खाटेकडं गेल्या.

मी पास झाले. परीक्षक बाईंच्या दृष्टीनं मी गोळी खाली ठेवली तेव्हाच पास झाले होते, असं नंतर कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं. मला ते तेव्हा कळलं नव्हतं आणि आजीला तर नव्हतंच. सासऱ्यांनी शब्द पाळला. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला स्वतः सोडायला आले, आणि दवाखान्याच्या दारात वॉचमनला म्हणाले, "आमच्या सूनबाई हायेत हितं." आता मी चौफुल्याजवळच्या दवाखान्यात आहे. रोज कितीतरी बायकांना पूर्ण नाव विचारते. नव्या मुली पटकन सांगतात, काही तर नवऱ्याला नावानं हाकही मारतात, आणि मला ते बघून बरं वाटतं. मी स्वतः घरी अजून "अहो"च म्हणते. स्वभावाला औषध नसतं, आणि असतं तरी मी ते घेतलं नसतं.

पण त्या दिवशीचं अजून सांगायचं राहिलंय. परीक्षक बाई पुढं गेल्यावर मी ट्रे उचलायला वाकले तर आजीनं माझं मनगट धरलं.

"कवा घेतलं न्हवतं गं," ती म्हणाली. "उखान्यात घेतलं आसंल चार टायमाला, लगनाकार्यात, लोकांच्या देखत. आसं नुसतं कवा न्हाई. ते हुते तवा न्हाई, गेले तवा बी न्हाई."

"माझ्यामुळं तुम्हाला घ्यावं लागलं, आजी. चुकलं माझं."

"त्यात काय चुकलं? आता नाव घेऊन कुनाचं आयुष्य कमी व्हायचं भ्या हाय? पर सवयच न्हाई तोंडाला."

तोंडात गोळीची कडू चव राहिली असेल म्हणून मी पेला पुन्हा पुढं केला. तिनं घेतला नाही. तिच्या चेहऱ्यावर लाज होती, पण ती म्हाताऱ्या बाईची नव्हती, नव्या नवरीची होती. ते नाव मी इथं लिहिणार नाही. ते तिनं मला सांगितलं होतं, तुम्हाला नाही.

"आनखी एकदा सांगू का?" तिनं हळूच विचारलं.

नाव जुळलेलं होतं. गोळी पोटात गेलेली होती, सही झालेली होती. पुढच्या खाटेपाशी माझ्यानंतरची मुलगी ट्रे घेऊन उभी होती, आणि मी तिथून केव्हाच हलायला हवं होतं.

"सांगा," मी म्हणाले, आणि खाटेच्या कडेला बसले.